डाव्या कानातलं फावडं

आमच्या पाणीखात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. गाण्याबिण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. रस्त्याखालची लाइन नेमकी कुठे फुटली आहे, हे नुसतं ऐकून सांगायचं, हे त्यांचं काम. साडेचार फुटांची एक लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटी डाव्या कानाला लावायची आणि श्वास धरून उभं राहायचं. चार पावलं पुढे, दोन मागे, असं करत करत ते एका जागी थांबत आणि खडूने फुली मारत. तिथे खणलं की पाणी लागायचंच. मी त्याच खात्यात लाइनींचे नकाशे सांभाळायचो. माझे नकाशे चुकायचे, त्यांची फुली चुकायची नाही. "चालू लाइन गप्प असते," ते मला म्हणायचे. "आवाज यायला लागला की समजायचं, हिचं काहीतरी बिनसलंय."

फुलीवर खणायचं काम पैलवानाचं. हा माणूस इतका काटकुळा होता की वाऱ्याने उडेल असं वाटायचं, म्हणूनच त्याचं नाव पैलवान पडलं होतं. पण फावडं हातात आलं की तो थांबायचा नाही. त्याची एक लय होती. फावडं घुसायचं, ओढलं जायचं, माती पडायची; मध्ये श्वासाएवढी फट आणि पुन्हा तेच. दोघांनी एकवीस वर्षं जोडीने काम केलं. बोलणं फारसं नसायचं. एक ऐकायचा, दुसरा खणायचा.

कानसेन अठ्ठेचाळीस वर्षांचे होते तेव्हा ते घडलं. सकाळी दहाचा सुमार, एका गोदामाच्या भिंतीलगतचा रस्ता. लाइन खोल होती, सात फूट. चराच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या लावायला हव्या होत्या, पण फळ्यांचा ट्रक आला नव्हता आणि अर्ध्या वस्तीचं पाणी बंद होतं. पर्यवेक्षक घड्याळाकडे बघत होता. पैलवान म्हणाला, होतो मी पुढे, आणि उतरला. पाऊण तासाने एक बाजू बसली. आवाजही मोठा झाला नाही म्हणतात. गोणीतून धान्य ओतावं तशी माती आत गेली आणि पैलवान दिसेनासा झाला.

वर चार माणसं होती. खणायचं कुठे, हा प्रश्न. चर वीस फूट लांब आणि तो नेमका कुठे वाकला होता ते कोणी पाहिलं नव्हतं. कानसेननी सळई मातीत रोवली, वाटी कानाला लावली आणि सगळ्यांना गप्प केलं. त्यांना आवाज आला. ठक, ठक, ठक. खालून कोणीतरी ठोकत होतं. ते म्हणाले, "इथे. भिंतीच्या बाजूला. जिवंत आहे तो."

सात मिनिटं चौघे तिथे खणत होते. पैलवान तिथे नव्हता. तो पाच फुटांवर, लाइनीच्या पलीकडच्या अंगाला निघाला. तोपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. ठपका फळ्यांवर आला, पर्यवेक्षकाची बदली झाली. कानसेनना कोणी एका शब्दाने बोललं नाही, उलट पाठ थोपटली. त्यांनी आपणहून तोंड उघडलं नाही. त्यानंतरही दहा वर्षं नोकरी केली, फुल्या बरोबर येत राहिल्या. फक्त एक बदल मी पाहिला. पैलवानाची बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, जाण्यायेण्याची तिची वाट आमच्या कार्यालयासमोरूनच. ती येताना दिसली की कानसेन खिडकीपासून उठायचे आणि माझ्या नकाशांच्या कपाटामागे येऊन उभे राहायचे. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नसतंच.

निवृत्त झाल्यावर ते सुनेबरोबर राहत होते. बायको आधीच गेली होती, मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सून चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची. सासरा-सुनेचं चांगलं जमायचं. दोघंही कमी बोलणारी, त्यामुळे भांडणाला विषय मिळायचा नाही, असं तीच हसून सांगायची.

एकसष्टाव्या वर्षी, एका दुपारी, घरात कोणी नसताना कानसेनना जमिनीखाली आवाज ऐकू आला. शूं... शूं... शूं... मध्ये श्वासाएवढी फट. त्यांना वाटलं, स्वयंपाकघराखालची लाइन गळते आहे. सळई घरातच होती. खात्याने निरोपाला तीच दिली होती. त्यांनी ती फरशीवर टेकवली. आवाज आला. बैठकीच्या खोलीत टेकवली, तिथेही आला. जिन्यात, न्हाणीघरात, अंगणात, सगळीकडे तेवढाच. असं कधी होत नाही. गळती जवळ आली की आवाज वाढतो, लांब गेली की विरतो. हा आवाज त्यांच्याबरोबर चालत होता.

तरी त्यांनी फरशी फोडली. सून संध्याकाळी आली तेव्हा स्वयंपाकघरात दोन फूट खोल खड्डा होता, ओट्याखाली मातीचा ढीग होता आणि बाबा खड्ड्यात उभे होते. नळाची लाइन उघडी पडली होती, कोरडी ठणठणीत. सुनेने पर्स खाली ठेवली आणि विचारलं, काय हरवलंय. ते म्हणाले, काही नाही, गळतंय असं वाटलं. तिने चहा ठेवला, पण खड्डा मध्ये असल्यामुळे साखरेच्या डब्यापर्यंत पोहोचता येईना, तेव्हा दोघांनी बिनसाखरेचाच घेतला.

गवंडी बोलावून फरशी बसवली. आवाज राहिला. आणि आता त्यांना तो ओळखू आला. गळतीचा आवाज सलग असतो, त्यात फट नसते. हे फावडं होतं. मातीत घुसायचं, ओढलं जायचं, थांबायचं. एकवीस वर्षं रोज ऐकलेली लय माणूस विसरत नाही.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. सांगताना ते डाव्या बाजूला मान कलती ठेवायचे, कोणी हाक मारली तर ऐकू यावी तशी. म्हणाले, शांत बसलो की तो शांतपणे खणतो. जिना चढलो की घाईघाईने खणतो. एकदा बस पकडायला धावलो, तेव्हा खालून तो असा उपसत होता की मी रस्त्यातच थांबलो. मी थांबलो, तेव्हा तोही हळू झाला. ते म्हणाले, "त्याला अजून वर यायचंय. मी चुकीची जागा दाखवली, म्हणून तो स्वतःच वाट काढतोय."

त्यांना वेड लागलं असं मला वाटलं नाही. ते हवामानाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

त्यांनी एक गोष्ट शोधून काढली होती. मानेवर डाव्या बाजूला, जबड्याखाली बोट दाबलं की फावडं थांबायचं. दिवसातून दहा-पंधरा वेळा ते दाबायचे. पण फार वेळ नाही. त्यांना वाटायचं, आपण दाबतो तेव्हा त्याच्या तोंडावर माती पडते.

सात-आठ महिने असे गेले. ते वाळले. दुपारी घरात एकटं बसायला नको म्हणून बाजारात, जिथे गोंगाट असेल तिथे जाऊन उभे राहायचे. मग एका सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. त्यांनी हाताकडे पाहिलं, तो हात दुसऱ्या कोणाचा असावा तसा टेबलावर पडला होता. सुनेला हाक मारायची होती, पण तोंडातून शब्दाऐवजी भलताच काहीतरी आवाज निघाला. सून बाहेर आली तोवर पाच-सहा मिनिटं झाली होती आणि हात पुन्हा हलू लागला होता. ते म्हणाले, काही झालं नाही, कप ओला होता. पण तिने तोंड वाकडं झालेलं पाहिलं होतं. त्यांचं काही एक न ऐकता तिने रिक्षा बोलावली.

इस्पितळात रक्तवाहिन्यांची डॉक्टर होती, वयाने सुनेएवढीच. तिने हाताचं सगळं विचारलं, मग मानेवर स्टेथोस्कोप ठेवला आणि श्वास रोखायला सांगितलं. कानसेननी श्वास रोखला. ते तर त्यांना आयुष्यभराचं माहीत होतं. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला कानात काही आवाज येतो का? ठोक्याठोक्याला?"

ते खाली फरशीकडे बघू लागले.

"मला येतोय," ती म्हणाली. "शूं, शूं. चांगला मोठा आहे."

सून सांगते, बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आठ महिने जे फक्त त्यांना ऐकू येत होतं, ते पहिल्यांदा दुसऱ्या माणसाच्या कानात गेलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्हालाही तो खणताना ऐकू येतो? डॉक्टरने सुनेकडे पाहिलं. सुनेला काहीच ठाऊक नव्हतं. मग ते तिथेच, तपासणीच्या टेबलावर बसल्या बसल्या, सुनेसमोर पहिल्यांदा सगळं बोलले.

डॉक्टर हसली नाही की घाई केली नाही. तिने स्टेथोस्कोप त्यांच्याच कानात घातला आणि आधी मानेच्या उजव्या बाजूला ठेवला. तिथे नुसता लांबचा ठोका होता. मग डावीकडे ठेवला. फावडं. मग तिने पडद्यावर डॉपलर लावून दाखवलं. डोक्याकडे जाणारी धमनी, तिच्यातलं रक्त लाल रंगाने वाहताना दिसत होतं, आणि एका जागी ती चिमटल्यासारखी अरुंद झाली होती. तिथून पुढे लाल रंग फाटून त्यात पिवळा-निळा मिसळत होता, ओढ्यातल्या भोवऱ्यासारखा.

कानसेननी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. पंपाचा दाब किती, लाइन कसली, आतून गुळगुळीत की खरबरीत. डॉक्टर म्हणाली, पंप म्हणजे हृदय, पण लाइन तुमच्यासारखी लोखंडी नाही, ती जिवंत आहे. प्रत्येक ठोक्याला धमनी ताणली जाते आणि परत आवळते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त पुढे सरकत राहतं. तिच्या भिंतीत स्नायू असतात. थंड पाण्यात हात घातला की त्या हातातल्या बारीक धमन्या आक्रसतात. जेवण झालं की पोटाकडच्या सैलावतात. कोणाला किती द्यायचं ते शरीर घडोघडी ठरवतं. पुढे फाटे फुटत फुटत वाहिनी केसाहूनही कितीतरी बारीक होते, इतकी की रक्ताच्या पेशी एकामागे एक, अंग मुडपून जातात, आणि खरी देवाणघेवाण तिथेच होते. परत येताना शिरांमधून येतं, तिथे दाब जवळजवळ उरलेला नसतो, म्हणून पायांच्या शिरांमध्ये एका दिशेनेच उघडणाऱ्या झडपा असतात आणि चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात.

"आणि निरोगी धमनी?" त्यांनी विचारलं.

"गप्प असते," ती म्हणाली. "आतून गुळगुळीत असते, रक्त सरळ थरांनी वाहतं, आवाज कशाचा होणार? तुमची चरबी आणि चुन्याच्या थराने अरुंद झालीय. तिथून रक्त जोरात घुसतं, पलीकडे भोवरे होतात, भिंत थरथरते. आणि ही धमनी वर जाते ती कानाच्या अगदी शेजारून."

"म्हणजे फुटलेली नाही."

"तुंबलेली."

मग त्यांनी विचारलं, एवढी तुंबली तर मेंदूचं पाणी तुटायला हवं होतं. दुसऱ्या बाजूने फीड आहे का? त्यावर मात्र डॉक्टरला हसू आलं. ती म्हणाली, आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, एका बाजूचं कमी पडलं की दुसऱ्या बाजूचं येतं. कानसेन म्हणाले, आम्हीही लाइनींची अशीच रिंग टाकतो. तिने बजावून सांगितलं की यापुढे मानेवर बोट दाबायचं नाही. थराचा एखादा कण सुटून वर गेला तर अर्धं अंग जाईल. कप पडला तेव्हा तसाच एक बारीक कण गेला असणार. ऑपरेशन करायचं, आणि तेही लवकर.

सून उठली, पण ते उठेनात. त्यांना एक शेवटचं विचारायचं होतं. ज्या माणसाची धमनी धडधाकट आहे, त्याला स्वतःच्या रक्ताचा ठोका कानात ऐकू येतो का?

डॉक्टर म्हणाली, येतो. खूप घाबरलं, धावपळ झाली, की हृदय जोरात चालतं, आणि अशा वेळी कान कशाने तरी बंद झाला तर चांगलाच ऐकू येतो.

"कशाने बंद?"

"कशानेही. उशीने. हाताने. एखादी वाटी लावली तरी."

त्या दिवशी ते माझ्या घरी आले. संध्याकाळ होती, मी व्हरांड्यात होतो. ते बसले नाहीत. त्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तो ठोकत नव्हता रे. मी माझंच ऐकत होतो. आणि चार माणसांना माझ्याच ठोक्यामागे खणायला लावलं."

तो चर ज्या नकाशावरून आखला, तो माझा होता आणि त्यात लाइनीची खोली चार फूट लिहिली होती. सात लिहिली असती तर कदाचित फळ्या आल्याशिवाय कोणी उतरलंच नसतं. हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाणी आणायला आत गेलो, आणि बाहेर आलो तेव्हा ते गेले होते.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ते पैलवानाच्या बायकोकडे गेले. सुनेला बरोबर घेतलं, एकट्याने दार वाजवता आलं नसतं म्हणून. वहिनींची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना फावडं जोरात चालू होतं. ते प्रत्येक पायरीवर थांबत होते, आणि सुनेला वाटलं, दम लागलाय. वहिनींनी दार उघडलं, ओळखलं आणि नुसतं म्हणाल्या, "या भाऊजी. तेरा वर्षं लागली."

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. सात मिनिटं, भिंतीची बाजू, ठक ठक. वहिनी ऐकत होत्या, हातात अर्धी घडी केलेली चादर तशीच. त्यांचं सांगून झाल्यावर वहिनींनी घडी पुरी केली.

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला कोणी सांगितलं नाही? ते पहिल्या मातीतच गेले. डोकं लाइनीवर आपटलं. तपासणी करणारे डॉक्टर आमच्याच इस्पितळातले, त्यांनी मला धोबीखान्यात येऊन सांगितलं. तुम्ही सरळ त्यांच्यावर खणलं असतं तरी तेच होतं."

कानसेन खुर्चीवर बसले. सून म्हणते, त्यांचा चेहरा सुटेल, हलका होईल, असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी विचारलं, डॉक्टर बाईमाणसाची समजूत घालायला असं बोलत नसतील ना. वहिनी म्हणाल्या, "मीही तेच विचारत आलेय स्वतःला. पण दुसरं कोण सांगणार आता?" मग म्हणाल्या, मी समजत होते तुम्हाला आमचा कंटाळा आला. रस्ता ओलांडून जायचात. त्याचं जास्त लागलं मला.

ते म्हणाले, चुकलं वहिनी. त्या म्हणाल्या, हो, ते चुकलं.

ऑपरेशन त्यांना जागं ठेवूनच झालं. मानेची जागा बधिर केली, आणि उजव्या हातात पिळलं की वाजणारं एक रबरी खेळणं दिलं. धमनी थोडा वेळ बंद करून उघडायची, तेवढ्या वेळात मेंदूला दुसऱ्या बाजूने पुरतंय की नाही ते कळावं म्हणून दर थोड्या वेळाने ते वाजवायचं. कानसेन वाजवत होते. धमनी चिमट्याने बंद केली त्या क्षणी फावडं थांबलं. त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं की आता खाली कोणी नाही, आणि ओरडून सगळ्यांना थांबवावंसं वाटलं. पण हातातलं खेळणं वाजवत राहायचं होतं, ते वाजवत राहिले. डॉक्टरने आतला थर सोलून काढला आणि नंतर त्यांना बाटलीत दाखवला: पिवळट, कडक, करंगळीच्या पेराएवढा.

आवाज परत आला नाही. सुरुवातीला मात्र ते दुपारी फरशीवर सळई टेकवून बसायचे, असं सुनेने मला सांगितलं. ती विचारायची, येतोय का काही? ते मान हलवायचे, नाही. आणि त्यांना त्याचा आनंद झाला आहे असं तिला वाटायचं नाही. एकदा ते तिला म्हणाले, निदान तो वर यायचा प्रयत्न तरी करत होता.

दोन महिन्यांनी ते आमच्या कार्यालयात आले. नवे ऐकणारे आणि खणणारे एकत्र बोलवा, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. बारा-तेरा जण आले. कानसेननी त्यांना स्वतःच्या मनगटावरची नाडी शोधायला लावली. मग प्रत्येकाला कानावर हाताची वाटी घट्ट धरून आवारात दोन फेऱ्या पळवलं आणि थांबल्यावर विचारलं, ऐकू येतंय? सगळ्यांना येत होतं. काहीजण हसले. ते म्हणाले, माणूस गाडला गेला तर ऐकताना आधी दोन बोटं मनगटावर ठेवा. आवाज नाडीबरोबर येत असेल तर तो तुमचा आहे, तिथे खणू नका. नाडीला सोडून येत असेल तर तो त्याचा. आणि ते म्हणाले, फळ्या नसतील तर उतरूच नका, मग हे काही लागणार नाही.

मी ते कागदावर लिहून कपाटावर लावलं. त्या दिवशी, सगळे गेल्यावर, मी त्यांना नकाशाचं सांगितलं. चार फूट, सात फूट. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, वहिनींना सांगितलंस?

नाही, मी म्हणालो.

"मग जा," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी त्या घरी असतात."